पिट्सबर्गचा एकवीस नंबर

पिट्सबर्गला ॲलेघेनी नदीवर एकाशेजारी एक असे तीन सारखे पिवळे पूल आहेत. पोलादी पट्ट्यांच्या साखळ्यांनी तोललेले, १९२०च्या दशकात बांधलेले. पुलांची देखभाल हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे असल्या पुलांचे सांधे, गंज आणि रंग माझ्या परिचयाचे. तिघांपैकी सहाव्या रस्त्यावरच्या पुलाला १९९८ साली बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटेंचं नाव दिलं गेलं. सामना असला की तो गाड्यांना बंद होतो आणि माणसं त्यावरून चालत पलीकडच्या बेसबॉल मैदानावर जातात. कितीतरी जणांच्या शर्टांच्या पाठीवर क्लेमेंटेंचा २१ हा आकडा असतो. क्लेमेंटे गेले १९७२ साली. हा शर्ट घालणाऱ्या बहुतेकांनी त्यांना मैदानात पाहिलेलंच नाही.

शहराचं हे प्रेम खरं आहे. पण क्लेमेंटे हयात असताना त्यांच्या वाट्याला दुसरंही बरंच आलं, आणि पुलाची गोष्ट सांगताना ते वगळलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

क्लेमेंटे पोर्तो रिकोतल्या कॅरोलिनाचे. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. १९५५ साली ते पिट्सबर्गच्या पायरेट्स संघात आले, आणि काळी कातडी व स्पॅनिश बोली या दोन्हींसाठी त्यांना टोमणे खावे लागले. खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांवर वर्षानुवर्षं त्यांचं नाव 'बॉब' असं छापलं गेलं. वार्ताहर त्यांचं इंग्रजी उच्चारांसकट छापत, म्हणजे वाचणाऱ्याला हसू यावं. मोटार अपघातानं पाठ कायमची दुखावली होती. दुखतंय म्हटलं की ढोंगी ठरवायचे. फ्लोरिडात सरावासाठी संघ बसनं फिरे, तेव्हा गोरे खेळाडू हॉटेलात जेवत आणि काळे बसमध्येच बसून राहत. क्लेमेंटेंनी ते चालवून घेतलं नाही. भांडून त्यांनी काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी मिळवली. १९६० साली पायरेट्स विश्वविजेते झाले, पण मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात क्लेमेंटे आठवे आले. तो अपमान त्यांच्या मनातून गेला नाही.

त्यांचा खेळ मी फक्त जुन्या चित्रफितींत पाहिला आहे. मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात भिंतीपाशी चेंडू उचलायचा, गिरकी घ्यायची, आणि सगळं अंग झोकून देऊन फेकायचा. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून आलेली फेक टप्पा न पडता यष्टिरक्षकाच्या हातात बसावी, तशी ती फेक. शाळेत ते भालाफेक करत. मनगट आणि खांदा तिथेच तयार झाला असणार. उत्तम क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लोव्ह' त्यांना १२ वेळा मिळाला, फलंदाजीत ते चार वेळा लीगमध्ये अव्वल आले. कारकिर्दीत बरोबर ३००० हिट. शेवटचा ३० सप्टेंबर १९७२ला, पिट्सबर्गमध्येच.

१९७१ साली पायरेट्स पुन्हा विश्वविजेते झाले. या वेळी मालिकावीर क्लेमेंटेच होते. बाल्टिमोरला शेवटचा सामना संपल्यावर टीव्हीचा माइक समोर आला, तेव्हा इंग्रजीत बोलण्याआधी ते स्पॅनिशमध्ये बोलले आणि आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. पोर्तो रिकोतल्या घरांत मुलं भेटताना, निघताना थोरांकडे आशीर्वाद मागतात. तोच रिवाज त्यांनी साऱ्या अमेरिकेच्या डोळ्यांदेखत पाळला, तेही अशा माध्यमावर जिथे तोवर त्यांची भाषा चेष्टेचा विषय होती. मला त्यांच्या सगळ्या हिटपेक्षा हा क्षण मोठा वाटतो.

२३ डिसेंबर १९७२ला निकाराग्वातली मानाग्वा नगरी भूकंपात उद्ध्वस्त झाली. जेमतेम काही आठवड्यांपूर्वी क्लेमेंटे हौशी खेळाडूंचा संघ घेऊन तिथे जाऊन आले होते; ती माणसं ओळखीची होती. त्यांनी सान हुआनमध्ये मदत गोळा केली. पाठवलेलं सामान तिथला हुकूमशहा सोमोसाच्या सैनिकांच्या हाती पडतंय असं कळल्यावर ते स्वतःच निघाले. ३१ डिसेंबरच्या रात्री क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेलं जुनं डीसी-७ विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रात कोसळलं. क्लेमेंटे ३८ वर्षांचे होते. त्यांचा देह मिळाला नाही. संघातला मित्र मॅनी सांगियेन स्मृतिसभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात शोध घेत होता.

बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये जायला निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. क्लेमेंटेंसाठी ती अट बाजूला ठेवून १९७३ सालीच त्यांना तिथे घेतलं, आणि तो मान मिळवणारे ते पहिले लॅटिन अमेरिकन ठरले. पण त्यांच्या कांस्यफलकावर आईचं आडनाव 'वॉकर' मध्ये घातलं गेलं, जे स्पॅनिश पद्धतीनं शेवटी यायला हवं. तो फलक बदलायला २००० साल उजाडलं.

दर मोसमात समाजासाठी झटणाऱ्या एका खेळाडूला त्यांच्या नावानं पुरस्कार मिळतो, आणि क्लेमेंटे दिनी अनेकजण २१ नंबर घालून खेळतात. लीगमधली वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा ४२ जसा साऱ्या लीगनं कायमचा राखून ठेवला, तसाच २१ही ठेवावा, अशी पोर्तो रिकन लोकांची जुनी मागणी आहे. मला ती मान्य नाही. पायरेट्सनं तो १९७३पासून राखून ठेवलाय, तेवढं पुरे. बाकीच्या संघांत तो एखाद्या विशीतल्या पोर्तो रिकन पोराच्या अंगावर असू दे, आणि त्यानं हा आकडाच का मागितला ते समालोचकानं दर सामन्यात सांगत राहावं.