चौथ्या अवस्थेतील स्तनकर्करोगावरील उपचार

स्तनाचा कर्करोग हाडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांत पसरला म्हणजे तो चौथ्या अवस्थेतील मानला जातो. या अवस्थेत रोग समूळ नाहीसा होणे सहसा शक्य नसते. आयुष्य वाढवणे आणि वेदना कमी करणे हे उपचारांचे उद्दिष्ट असते.

औषधोपचार

उपचारांची दिशा गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवरून ठरते. गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असल्यास टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल यांसारख्या गोळ्या दिल्या जातात. हर-२ प्रथिन अधिक असल्यास ट्रॅस्टुझुमॅब हे औषध बहुधा केमोथेरपीसोबत देतात. दोन्ही लक्षणे नसल्यास मुख्य भिस्त केमोथेरपीवर असते. हाडांच्या वेदनांवर किरणोपचार, तर तीव्र वेदनांवर मॉर्फिन उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेचे स्थान

रोग पसरल्यानंतर स्तन काढल्याने आयुष्य वाढते का, याविषयी तज्ज्ञांत मतभेद होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात, निदानाच्या वेळीच रोग पसरलेल्या ३५० स्त्रियांना चाचणीत सामील करून घेतले. स्तन व काखेतील रोगावर शस्त्रक्रियादी स्थानिक उपचार झालेल्या गटाचा मध्यक जीवनकाल १९.२ महिने, तर न झालेल्या गटाचा २०.५ महिने आढळला. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, केवळ आयुष्य वाढावे म्हणून अशा रुग्णांवर सरसकट शस्त्रक्रिया करणे योग्य ठरत नाही. गाठ चिघळल्यास किंवा तिच्यातून रक्तस्राव होत असल्यास मात्र आरामासाठी शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.