नाव कुठे नोंदवलंय? घोडपदेवच्या बाळंतपणांची शंभर वर्षं

(घोडपदेव येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

बाळंतपणाच्या इतिहासावर व्याख्यान म्हटल्यावर पुरुष मंडळी येतील की नाही, अशी आयोजकांना शंका होती. आलात, बरं वाटलं. मागच्या रांगेत बसलेल्या आज्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझं चुकलं तर तिथूनच थांबवा.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. आमच्या नात्यातली एक मुलगी, पहिलटकरीण. तिसऱ्या महिन्यापासून घराजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये दाखवत होती. सातव्या महिन्यात तपासणीला गेली, तर काउंटरवर सांगितलं की पुढच्या महिन्यापासून इथे डिलिव्हरी होणार नाही. तपासणी चालू राहील, सोनोग्राफी चालू राहील, पण बाळंतपणासाठी दुसरीकडे नाव नोंदवा. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही. मग दोन आठवडे ती पोट सांभाळत फिरली. एकीकडे म्हणाले, इतक्या उशिरा आम्ही नवी केस घेत नाही. दुसरीकडे आधी पॅकेजचा आकडा सांगितला, मग तब्येत विचारली. ती घरी येऊन हे सगळं सांगत असताना तिच्या आजेसासूबाईंनी एकच विचारलं, "म्हणजे आता तुझं नाव कुठेच नाही?"

आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नावर आहे. दिवस गेल्याचं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, नाव कुठे नोंदवलंय? डॉक्टर कोण, हे नंतर. नाव नोंदवलं म्हणजे वेळ येईल तेव्हा कुणीतरी दार उघडेल, एवढा त्याचा अर्थ. हे दार घोडपदेवच्या बाईसाठी गेल्या शंभर वर्षांत कितीदा बंद झालं, कुणी बंद केलं, आणि प्रत्येक वेळी दुसरं दार शोधायचं काम कुणाच्या अंगावर पडलं, ते आपण पाहू.

नाव नोंदवायची वही नव्हती तेव्हापासून बघू. एका बाजूला गोदी, दुसऱ्या बाजूला गिरण्या, मधे आपल्या चाळी. राहणारी माणसं घाटावरची आणि कोकणातली. बाळंतपण एक तर दहा बाय दहाच्या खोलीत सुईणीच्या हातून व्हायचं, पुरुष माणसं बाहेर व्हरांड्यात. नाहीतर बाई माहेरी जायची. सातव्या महिन्यात ओटी भरली की भाऊ न्यायला येणार.

आता गंमत बघा. माहेरी जाणं म्हणजे काय? गरोदरपणात मधेच सगळी व्यवस्था बदलणं. गाव वेगळं, पाणी वेगळं, सुईण वेगळी. म्हणजे आपल्या मुलीला सातव्या महिन्यात जागा बदलावी लागली, यात नवीन काही नव्हतं. आपल्या समाजात ती रीतच होती. पण माहेरी आई वाट बघत असायची. जाण्याचा महिना ठरलेला, पोचण्याचं ठिकाण ठरलेलं. जुनं दार सोडायच्या आधी नवं दार उघडं असायचं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

या माहेरच्या रीतीचा एक परिणाम सरकारी आकड्यांत दिसतो. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त अर्भकमृत्यू लागले. वाचून पोटात गोळा येतो. यातला काही भाग हिशेबाचा आहे. मूल जन्मायचं गावी, म्हणून जन्माची नोंद मुंबईत नाही. आई दोन-तीन महिन्यांनी त्याला घेऊन परत यायची, आणि ते इथल्या खोलीत गेलं तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत. तरीसुद्धा हिशेबाची चूक वजा करून जे उरतं ते भयंकरच आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांची बाळं सगळ्यात जास्त दगावत होती.

याच सुमारास मुंबई सरकारनं डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांना गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी करायला नेमलं. त्यांचा अहवाल १९२२ साली सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. बायका किती दिवस भरेपर्यंत कामावर जातात, बाळंतपण कुठे आणि कुणाच्या हातून होतं, आई गिरणीत असताना तान्ह्या मुलाला झोपवायला अफूची बाळगोळी कशी दिली जाते, हे सगळं त्यात होतं. चाळीतल्या खोलीत काय चालतं याची सरकारदरबारी लेखी दखल घेतली गेली, हे त्या अहवालाचं महत्त्व.

मग आलं १९२६ साल. परळला केईएम सुरू झालं आणि त्याच वर्षी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. वाडिया घराणं स्वतः गिरणीमालक, आणि गिरणगावातल्या बायकांसाठी ही सोय, हा त्यामागचा हेतू. बायकांसाठी दवाखाने मुंबईत त्याआधीही होते. कामा रुग्णालय १८८६ चं. डॉ. जेरुशा झिराड या १९२८ साली तिथल्या पहिल्या भारतीय अधीक्षक झाल्या, आणि मुंबईतल्या मातामृत्यूंच्या कारणांचा त्यांनी पुढे स्वतंत्र अभ्यास केला. पण कामा पडलं बोरीबंदरच्या बाजूला. रात्री कळा सुरू झाल्यावर घोडपदेवहून तिथे जाणार कसं? परळ त्या मानानं हाताशी. तिथून आपल्या बोलण्यात "वाडियाला नाव नोंदवलंय" हे वाक्य आलं, ते आजतागायत आहे.

नोंदणीबरोबर एक शब्दही आला, तो डॉक्टर लोकांच्या बोलण्यात अजून आहे. ज्या बाईची आधी तपासणी आणि नोंद झालेली आहे ती 'बुक्ड'. जी कळा सुरू झाल्यावर थेट दारात येते ती 'अनबुक्ड'. यात डॉक्टरांचा दुष्टपणा नाही. रक्तगट माहीत नाही, हिमोग्लोबिन माहीत नाही, आधीचं सिझेरियन आहे का माहीत नाही, अशी बाई मध्यरात्री समोर आली की धोका खरंच वाढतो. पण मला इथे एक गोष्ट म्हणायची आहे. आमची ती मुलगी तिसऱ्या महिन्यापासून नियमानं तपासणीला गेली होती, आणि एका वाक्यात ती अनबुक्ड झाली. तिच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं.

आता पैशाकडे येऊ, कारण दार उघडं ठेवायला पैसे लागतात. ते कुणी द्यायचे? हा वाद मुंबईच्या विधिमंडळात १९२८ साली रंगला. आसवले यांनी प्रसूती लाभाचं विधेयक आणलं होतं. त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आजही ताजा आहे. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही तोवर, बाईच्या कष्टावर ज्याचा फायदा होतो त्या मालकानं उचलणं काही गैर नाही.

१९२९ साली कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा पहिला. बाळंतपणाआधी तीन आठवडे, नंतर चार आठवडे, रोजचे आठ आणे. पैसे द्यायचे मालकानं.

मालकांनी काय केलं? थोड्याफार बायकांना पैसे मिळाले, हे खरं. पण बाई कामावर ठेवली की खर्च, हा हिशेबही पक्का झाला. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हे प्रमाण घसरतच गेलं. कायदा हे एकच कारण नव्हे. रात्रपाळीत बायकांना बंदी होती, नवी यंत्रं आली, बायकांची मानली जाणारी वाइंडिंग-रीलिंगची कामं कमी झाली. पण बाळंतपणाचा भार एकट्या मालकावर टाकला की तो बाईलाच दाराबाहेर ठेवतो, हा धडा तिथे मिळाला.

त्या धड्यातूनच पुढची व्यवस्था आली. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, आपल्या भाषेत ईएसआय. मुंबईत योजना सुरू झाली १९५४ साली. मालकानं वर्गणी भरायची, कामगारानं भरायची, आणि त्या सामायिक निधीतून दवाखाना चालायचा. एखादी बाई बाळंत झाली म्हणून तिच्या मालकाचा खर्च वाढत नाही. डोकं लावून केलेली रचना होती. पुढे कामगाराच्या कुटुंबालाही उपचार मिळू लागले. परळला महात्मा गांधी स्मारक रुग्णालय उभं राहिलं. इथल्या घराघरांत ईएसआयचं कार्ड ट्रंकेत, दागिन्यांशेजारी ठेवलेलं असायचं.

पण या कार्डाचा जीव वर्गणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. इतिहासात आपण संपाबद्दल बोलतो तेव्हा डॉ. दत्ता सामंत, इंदिरा गांधी, युनियन, मालक यांच्याबद्दल बोलतो. त्या वर्षी ज्या बायका गरोदर होत्या त्यांचं काय, हे कुणी विचारत नाही. पगार बंद म्हणजे वर्गणी बंद, आणि वर्गणी बंद म्हणजे काही काळानं हक्क संपला. ट्रंकेतलं कार्ड तसंच होतं, पण त्यामागचं दार मिटलं. कित्येक कुटुंबं गावी गेली. एकेकाळी ओटी भरून, वाजत-गाजत माहेरी जाणारी बाई आता भाडं परवडत नाही म्हणून गावी गेली. ज्या राहिल्या त्या केईएम, वाडिया, जेजेच्या रांगेत उभ्या राहिल्या. गिरण्या मग उघडल्याच नाहीत, किंवा अर्ध्याच उघडल्या. न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाचे टॉवर आहेत, ते तुम्ही इथून रोज बघता.

त्यानंतरच्या पिढीनं पोटाला चिमटा काढून खाजगी दवाखाना धरला. गल्लीतलं नर्सिंग होम, दहा-बारा खाटा, एक डॉक्टर, बऱ्याचदा वर त्यांचंच घर. रात्री दोन वाजता बेल वाजवली की डॉक्टर खाली येणार. या दवाखान्यांनी मध्यमवर्गाला आणि आपल्यासारख्यांना मोठा आधार दिला, हे मान्य करायला हवं. ते आता डिलिव्हरी का बंद करतायत? सोनोग्राफी दिवसा होते, बाळंतपण वेळ बघून येत नाही. त्यासाठी रात्रपाळीच्या नर्स हव्यात, हाकेला धावणारा भूलतज्ज्ञ हवा, बालरोगतज्ज्ञ हवा, रक्ताची सोय हवी. अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दुसरा जिना काढायचा कुठून? इमारत पुनर्विकासाला गेली की दवाखाना जातो. डॉक्टर साठीचे झाले, मुलं त्या व्यवसायात नाहीत. प्रत्येक कारण खरं आहे. मी डॉक्टरांना दोष द्यायला उभा नाही.

आणि मोठ्या संस्थांचं दार तरी कायम उघडं असतं का? २०२० च्या जानेवारीत वाडियावर वेळ आली. सरकार आणि महापालिकेकडून येणारं अनुदान थकलंय असं रुग्णालयाचं म्हणणं, उलट बाजूनं कारभारावर प्रश्न. नवे रुग्ण घेणं थांबलं. कर्मचारी रस्त्यावर आले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पुतळ्यासाठी पैसे आहेत, मग या रुग्णालयासाठी का नाहीत, असं न्यायालयानं सरकारला सुनावलं. तो पुतळा म्हणजे इंदू मिलच्या जागेवरचं बाबासाहेबांचं स्मारक. ज्यांनी १९२८ साली बाळंतिणीचा भार सरकारनं घ्यावा म्हटलं, त्यांचंच. निधी जाहीर झाला, रुग्णालय वाचलं. पण त्या दिवसांत आठवा-नववा महिना भरत आलेल्या बायकांच्या घरी काय चाललं असेल?

तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, नायर रुग्णालय करोनासाठी राखीव झालं. करोना झालेल्या शेकडो माता तिथे सुखरूप बाळंत झाल्या, त्या डॉक्टर-नर्सना सलाम. पण ज्यांनी नायरला आधी नाव नोंदवलं होतं आणि ज्यांना करोना नव्हता, त्यांना दुसरीकडे जावं लागलं. टाळेबंदीत, टॅक्सी नसताना, खाजगी दवाखान्यांना कुलपं असताना.

म्हणजे बघा. संपानं दार बंद झालं, अनुदानानं झालं, साथीनं झालं, पुनर्विकासानं झालं. बंद करणारे वेगवेगळे. दुसरं दार शोधणारी मात्र तीच, आणि तिच्याबरोबर सासू, जाऊ, शेजारीण.

दार कधीच बंद होणार नाही, असं कुणी वचन देऊ शकत नाही. पण माहेरच्या रीतीत जे होतं ते मागता येतं. जुनं दार मिटायच्या आधी नवं उघडून द्या. हे कागदावर आहेसुद्धा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत म्हटलंय की रुग्णाला आणि घरच्यांना पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय डॉक्टरनं केस सोडू नये, आणि रुग्णानं मागितल्यास त्याच्या नोंदी ७२ तासांत द्याव्यात. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सांगितलं की तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयानं उपचार न देणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. एवढं सगळं आहे. नाही ते एकच: एका दवाखान्यानं दुसऱ्याला फोन करून "ही आमची बाई, आता तुमची" म्हणणं. ते काम अजून कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. शेजारच्या एका बाईंनी तिला सांगितलं, आधी फाईल घे. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, माता-बाल संरक्षण कार्ड, सगळं. नर्सिंग होमनं फाईल दिली, लगेच दिली. मग त्या बाई स्वतः तिच्याबरोबर परळला आल्या, सकाळी सातला रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीवर विचारलं, आधी कुठे दाखवलंय? मुलीनं फाईल पुढे केली. तिथल्या सिस्टरनं चाळली, शिक्का मारला आणि पुढची तारीख दिली.

मुलगी झाली. त्या शेजारच्या बाई आज इथे आल्या आहेत, नाव सांगू नका म्हणाल्यात. त्यांना मी विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? म्हणाल्या, "संपाच्या वर्षी मीच फिरले होते ना."

आता प्रश्न घेऊ. आज्यांपासून सुरुवात करूया.