‘इव्हॅनेसंट’चं गणगोत

विरण्याला इंग्रजीत शब्द पुष्कळ आहेत, पण माझा जीव ‘इव्हॅनेसंट’वर आहे. सकाळचं धुकं, अत्तराचा दरवळ, इंद्रधनुष्य यांना हे विशेषण शोभतं. नाहीशा झालेल्या वस्तूला मात्र ते लागत नाही. नाहीसं होणं चालू असावं लागतं. ही खुबी लॅटिन ‘इव्हानेस्केरे’मधल्या ‘एस्क’ची. तो प्रत्यय क्रिया सुरू झाल्याचं सांगतो. ‘कॉन्व्हॅलेसंट’ म्हणजे दुखण्यातून उठू लागलेला, तसंच हे.

मूळ शब्द ‘व्हानुस’, म्हणजे रिकामा. ‘व्हॅनिश’ आणि ‘व्हॅनिटी’ त्याचीच लेकरं. चंद्राच्या घटत्या कलेसाठीचा ‘वेन’ हा जुन्या इंग्रजीतला चुलतभाऊ. आणि याच कुळात भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘ऊन’ही धरतात, म्हणजे नातं थेट आपल्या घरात येतं. उणे, उणीव हे तर उघडच. पण एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस, आणि पाऊण म्हणजे पाद अधिक ऊन, पावाने उणा. पावणेआठची लोकल पकडणारा माणूस हा धातू रोज उच्चारतो!

‘इव्हॅनेसंट’चा खरा कस लागला तो गणितात. न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त लोप पावणाऱ्या राशींचं गुणोत्तर मांडलं: लोपण्याआधीचं नव्हे, नंतरचंही नव्हे, लोपतानाचं. १७३४मध्ये ‘द अ‍ॅनालिस्ट’मध्ये जॉर्ज बर्कलीने त्यावर बोट ठेवलं. राशी शून्य आहे की नाही, काय ते एक सांगा. माझ्या मते त्याचा आक्षेप रास्त होता. सीमेची काटेकोर व्याख्या एकोणिसाव्या शतकात झाली, तेव्हा कुठे त्याला उत्तर मिळालं.

पुढे भौतिकशास्त्राने हा शब्द उचलला. काचेच्या आतून तिरपा आलेला प्रकाश पुरता परावर्तित होतो, तरी त्याचा अंश पृष्ठभागापलीकडे डोकावतो आणि साधारण एका तरंगलांबीच्या अंतरात विरतो. तीच ‘इव्हॅनेसंट वेव्ह’. जगदीशचंद्र बोस यांनी १८९७मध्ये दोन लोलकांमधली हवेची फट कमीजास्त करून विद्युतलहरींवर हे तपासलं. पाण्याने भरलेला काचेचा पेला धरा आणि वरून, पाण्यातून, आतल्या भिंतीकडे तिरपं पाहा. भिंत चांदीसारखी चकाकते, पलीकडची बोटं दिसत नाहीत. बोटं ओलसर करून घट्ट दाबा: ठशांच्या रेघा तेवढ्या उमटतात, कारण विरता प्रकाश तिथे त्वचेला गाठतो.