सिंधुमुखापुढील गाळ आणि पर्जन्याचा इतिहास

सिंधुसंस्कृतीची नगरे ओस का पडली, याचे एक उत्तर आता समुद्रतळाशी शोधले जाते. सिंधूच्या मुखापुढे अरबी समुद्रात सुमारे २०० ते १,००० मीटर खोलीवरील पाण्यात प्राणवायू अत्यल्प असतो. तळ उकरणारे कृमी तेथे फारसे जगत नाहीत. म्हणून गाळाचे थर न विस्कटता साचत राहतात. नळीने काढलेला असा गाळाचा स्तंभ म्हणजे एक बखरच होय. फक्त तिला कोणा धन्याची स्तुती करावयाची नसते.

या थरांत फोरॅमिनिफेरा या एकपेशीय प्राण्यांची चुनकवचे सापडतात. नदीचे गोडे पाणी विपुल मिसळले, की पृष्ठभागाजवळ वाढलेल्या कवचांत प्राणवायूच्या जड समस्थानिकाचे प्रमाण घटते. मिखाएल श्टाउबवासर व सहकाऱ्यांना ते सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी वाढलेले आढळले. सिंधूचा ओघ तेव्हा क्षीण झाला, असे अनुमान त्यांनी २००३ साली मांडले.

अनुमान मोलाचे खरे. परंतु नगरांच्या अस्ताचा सारा भार त्यावर टाकणे उतावीळपणाचे ठरेल. सिंधूला मोसमी पावसाखेरीज हिमालयातील बर्फाचे व हिवाळी वृष्टीचेही पाणी मिळते. शिवाय कवचांचे वय किरणोत्सर्गी कर्बावरून काढतात. समुद्रजलातील कर्ब कित्येक शतके जुना भासतो आणि त्यासाठी करावयाची दुरुस्ती सर्व काळी सारखी नसते. नगरजीवनाचा अस्त सामान्यतः इ. स. पू. १९०० च्या सुमारास मानतात. म्हणजे दोहोंत तीनेक शतकांचे अंतर पडते. हे अंतर खरे असेल, तर ओघ आटल्यावरही नगरे दहाबारा पिढ्या नांदली, असे मानावे लागेल.