अडवणाऱ्याचा इतिहास

राळेगणसिद्धी म्हटलं की पाणलोटाची कामं आठवतात. या दुष्काळी गावाने पावसाचं पाणी शिवारातच अडवलं आणि गाव बदललं. अडवण्याचं मोल इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खेळाच्या मैदानावर मात्र सांगावं लागतं. गोलकीपर व्हायला पोरं तयार नसतात. मग मी त्यांना ब्रह्मानंद शंखवाळकरांची गोष्ट सांगतो.

१९५४ साली गोव्यातल्या ताळगावात जन्मलेले ब्रह्मानंद साळगावकर क्लबचे गोलकीपर होते, पुढे भारताचे कर्णधार झाले. १९८३ मध्ये गोव्याने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, तोही बंगालसोबत विभागून. १९८४ मध्ये मद्रासला मात्र गोव्याने तो एकट्याने जिंकला, आणि अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही.

निकालात गोल करणाऱ्यांची नावं छापतात, अडवलेल्या गोलांना रकाना नसतो. शून्य दिसतं, ते राखणारा दिसत नाही. ब्रह्मानंदांना अर्जुन पुरस्कार १९९७ मध्ये मिळाला. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, त्या स्पर्धेनंतर ३८ वर्षांनी.

आपल्या इतिहासाचंही असंच आहे. दंगल झाली की तारीख नोंदली जाते. ज्या मोहल्ल्यात दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी मध्ये पडून दंगल होऊच दिली नाही, तिथली तारीख कुठल्याच पुस्तकात नसते. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारा आणि ती नावं लिहून ठेवा.