डिस्क एक, हात अनेक

८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या एका गोदामाला आग लागली. तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्मची हजारो रिळं ठेवलेली होती. प्रभात कंपनीच्या मूळ निगेटिव्ह त्यांतच होत्या. ही जागाही एकेकाळी प्रभातचीच. १९३३ मध्ये कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली, तेव्हा इथेच तिचा स्टुडिओ उभा राहिला.

नायट्रेट फिल्म जळताना स्वतःच ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाणी मारूनही ती सहजी विझत नाही. हा धोका जगाला कधीचाच ठाऊक होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या फिल्मचं उत्पादन थांबलं, तेही त्यामुळेच. तरी ‘संत तुकाराम’ (१९३६) आपण आज पाहू शकतो. कारण साधं आहे. त्याच्या प्रती सुरक्षित फिल्मवर उतरवून दुसरीकडे ठेवलेल्या होत्या. आगीत मूळ वस्तू गेली, पण सिनेमा राहिला.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, सिनेमावाला नाही. पण गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या पाच जणांच्या एका टीमने मला विचारलं, “आम्हाला सगळ्यांना एकाच ठिकाणचं फुटेज वापरता येईल असं स्टोरेज कुठलं घ्यायचं, सांग ना.” ते गावोगावच्या वयस्क लोककलावंतांवर माहितीपट करत आहेत. फुटेज ११ पोर्टेबल डिस्कवर विखुरलं होतं आणि कुठल्या डिस्कवर काय आहे, ते फक्त एकालाच माहीत होतं. चित्रित केलेल्या गायकांपैकी एक आजोबा तोवर वारले होते. त्यांचं गाणं एकाच डिस्कवर होतं.

बाजारात डबे भरपूर आहेत आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत वेगाचे आकडे असतात. ते वाचण्याआधी मी या डब्यांचा इतिहास वाचला. त्याचा उपयोग जास्त झाला.

१९८९ मध्ये अ‍ॅव्हिड कंपनीचं ‘मीडिया कंपोझर’ आलं आणि संकलन कॉम्प्युटरवर होऊ लागलं. डिस्क तेव्हा इतक्या महाग आणि लहान होत्या, की फुटेज खूप दाबून, धूसर करून आत घ्यावं लागे. चित्र फक्त कट ठरवण्यापुरतं पुरायचं, शेवटी कात्री मूळ निगेटिव्हवरच चालायची. दुसऱ्या संकलकाला तोच प्रसंग हवा असेल, तर डिस्क उचलायची आणि त्याच्या टेबलावर नेऊन द्यायची. १९९७ मध्ये ‘द इंग्लिश पेशंट’साठी वॉल्टर मर्च यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा कॉम्प्युटरवरचं संकलन प्रतिष्ठित झालं. त्याच दशकाच्या शेवटी अ‍ॅव्हिडने ‘युनिटी’ आणलं. अनेक संकलक, एकच साठा, मधे फायबर चॅनल. डिस्क हातात घेऊन चालणं थांबलं.

पण एकच साठा सर्वांनी वापरण्याची कल्पना सिनेमातून आली नाही. १९८४ च्या सुमारास सन कंपनीने एनएफएस बनवलं. दुसऱ्या खोलीतल्या मशीनवरचा फोल्डर आपल्याच मशीनवर असल्यासारखा दिसू लागला. आज ऑफिसात आपण जो नेटवर्क ड्राइव्ह उघडतो, तो याच कुळातला.

दुसरा धागा बर्कलीचा. १९८८ मध्ये पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा निबंध लिहिला. म्हणणं असं, की एका महाकाय महाग डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क एकत्र जोडा. वेग वाढेल, खर्च कमी होईल. मग त्यांनीच अडचण मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर अशा १०० डिस्कच्या संचात सरासरी ३०० तासांत एक तरी बिघडणार, म्हणजे दोन आठवड्यांच्याही आत. म्हणून थोडी जागा जादा हिशेबासाठी राखायची, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचं उरलेल्या डिस्कवरून पुन्हा काढता येतं. लक्षात घ्या, हे उत्तर एकाच प्रश्नाचं आहे: डिस्क बिघडली तर काय? कोणी चुकून फाइल पुसली तर काय, याबद्दल रेड काहीच करत नाही. पुसण्याचा हुकूम ते सगळ्या डिस्कवर तितक्याच इमानदारीने पाळतं.

हे १९९८ मध्ये पिक्सारला कळलं. ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू होतं. सगळे कलाकार एकाच साठ्यावर काम करत आणि एकमेकांच्या फाइल बदलाव्या लागत, म्हणून परवानग्याही सैल होत्या. कोणीतरी सर्व्हरवर पुसण्याचा हुकूम चुकीच्या जागी दिला. ओरेन जेकब यांच्या डोळ्यांदेखत वुडीच्या फाइल एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. फोन करून मशीनची वायर उपटायला सांगितली, तोवर बहुतेक चित्रपट गेला होता. टेपवरचा बॅकअप काढला, तर तो कितीतरी दिवस नीट होतच नव्हता. पुन्हा आणून बघण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

वाचवलं ते गॅलिन सूसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरने. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत आणि त्यासाठी त्यांच्याकडे चित्रपटाची प्रत होती. ते मशीन चादरीत गुंडाळून, गाडीत घालून जपून ऑफिसात आणलं गेलं.

ही गोष्ट बहुतेक इथेच संपवली जाते. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. परत मिळालेल्या त्या चित्रपटाची कथा पिक्सारने नंतर स्वतःच मोठ्या प्रमाणात बदलली आणि नव्याने केलेला चित्रपट नोव्हेंबर १९९९ मध्ये आला. वुडी पुन्हा बनवता येतो. वारलेले आजोबा पुन्हा गायला बसत नाहीत.

आता हिशेब. प्रोरेझ ४२२ मध्ये ४के फुटेजला, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर, सुमारे ४९२ मेगाबिट लागतात. म्हणजे सेकंदाला ६१ मेगाबाइट, तासाला सुमारे २२० गिगाबाइट. टीमकडे ९० तासांचं फुटेज होतं, म्हणजे जवळपास २० टेराबाइट. नेहमीच्या गिगाबिट केबलमधून प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जातं. दोन कॅमेऱ्यांचं फुटेज शेजारी-शेजारी चालवलं, की एका संकलकातच केबल भरते. चौघांना हे एकदम करायचं असेल, तर १० गिगाबिटचं नेटवर्क हवं.

टीममधल्या कॅमेरामन दादांचा कल पूर्ण एसएसडीच्या वेगवान डब्याकडे होता. पैसे तेवढ्यालाच पुरत होते. मी म्हटलं, “दादा, वेग कमी पडला तर काम उशिरा होईल. प्रत कमी पडली तर कामच राहणार नाही.” ते म्हणाले, “एडिटिंग अडकत-अडकत चालणार असेल, तर डॉक्युमेंटरी कधी संपणार?” त्यांचं खोटं नव्हतं. म्हणून संकलनासाठी हलक्या प्रती करायच्या ठरल्या, अ‍ॅव्हिडच्या जुन्या जमान्यात असायच्या तशाच. मूळ फुटेज लागतं ते शेवटी रंग करताना.

घेतलं ते असं: साध्या हार्ड डिस्कचा आठ खणांचा डबा, १२ टेराबाइटच्या ८ डिस्क, रेड ६. दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालतं आणि वापरायला ७२ टेराबाइट उरतात. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फुटेजचा फोल्डर सगळ्यांना फक्त वाचायला, पुसण्याचा अधिकार कोणाच्याच रोजच्या लॉगिनला नाही. बाकीच्या फोल्डरचा दर तासाला स्नॅपशॉट. उरलेल्या पैशांत दुसरा स्वस्त, संथ डबा. तो एकीच्या आईवडिलांच्या घरी, साताऱ्याला, कपाटाशेजारी आहे. रात्री फुटेज तिकडे जातं.

आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी साताऱ्याच्या डब्यातून कुठलीही एक फाइल परत आणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघायची. पहिल्या वेळी त्यांनी आजोबांचं गाणं आणलं. ११ मिनिटांचं आहे. पाचही जण शेवटपर्यंत ऐकत बसले.