चढाईपटू, तरुण : जडणघडण

विशी-बाविशीतल्या चढाईपटूवर सामन्याचा भार टप्प्याटप्प्याने टाकण्याची व्यावसायिक कबड्डीतील पद्धती. ३० सेकंदांत, दम न सोडता, बोनस घ्यायचा, निदान रेषा ओलांडून परतायचे की कोपऱ्याला भिडायचे, हे चढाईपटूला एकट्याने ठरवावे लागते. संघाच्या सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर चढाईपटू बाद होतो. वेग सरावाने कमावता येतो, पण ही निवड सामन्यात चुकूनच अंगी मुरते. रग्बी लीगमध्ये डाव रचणाऱ्या हाफबॅकचेही तसेच असते. म्हणून नवोदिताला चुकण्याची मुभा देणे हे संघाचे कर्तव्यच ठरते.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण पुणेरी पलटणचे. प्रो कबड्डी लीगच्या आठव्या हंगामात (२०२१–२२) अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत यांनी या संघाकडून पदार्पण केले. संघ बाद फेरीत हरला. नवव्या हंगामात पुण्याविरुद्धचा अंतिम सामना जयपूर पिंक पँथर्सने ३३–२९ असा जिंकला. तरीही संघाने ही जोडी मोडली नाही. दहाव्या हंगामात अस्लम कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले.

यावर एक आक्षेप असा, की हे यश २ कोटी ३५ लाखांना घेतलेल्या इराणी महंमदरेझा शादलूमुळे मिळाले. त्याचा वाटा मोठा होता, पण तो प्रामुख्याने पकडीत. चढाईची मदार संघात वाढलेल्या मुलांवरच राहिली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नवीन कुमार २०१८ मध्ये किशोरवयातच दबंग दिल्लीकडून उतरला आणि लगेच चमकला, मग थांबायचे कशासाठी? मात्र असामान्य खेळाडूवरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही. शिवाय संयम म्हणजे खेळाडूला बाकावर बसवणे नव्हे. त्याला खेळवायचे, पण प्रत्येक निर्णायक चढाई त्याच्याच गळ्यात घालायची नाही. कारकीर्द छोटी असते, हे खरे. म्हणूनच दुखापतीने किंवा धास्तीने ती सुरुवातीलाच खुंटू देणे अधिक महाग पडते.

यवतमाळच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावातून येणाऱ्या मुलाला मॅट, प्रकाशझोत आणि लिलाव हे सारे एकदमच सामोरे येते. अशा खेळाडूचे मोल एका हंगामाच्या गुणांवर करू नये. संघांनी त्याला किमान दोन-तीन हंगामांचा अवधी द्यावा.